आधी ऐकणे, मग आज्ञा: ख्रिस्ती घरात लहान मुलांना आज्ञापालन शिकवण्याचा क्रम

रविवारी उपासना सुटल्यावर संडेस्कूलच्या दाराशी उभे राहिले की आईबापांची एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते. मुलाला प्रभूची प्रार्थना पाठ असते, सुवर्णवचने ते घडाघडा म्हणून दाखवते, नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळही झालेले असते. पण घरी सांगितलेली एक गोष्ट ऐकत नाही. बरीच वर्षे लहान मुलांचा वर्ग घेताना आणि स्वतःची दोन मुले वाढवताना माझ्या लक्षात आले की अशा घरांत विश्वास कमी नसतो आणि मायाही कमी नसते, तिथे क्रम चुकलेला असतो. मूल ऐकत नाही म्हणून आधी ओरडा होतो, त्यानंतर शिक्षा होते, शिक्षेच्या समर्थनासाठी 'आईबापांचा मान राख' ही आज्ञा ऐकवली जाते, आणि प्रार्थना झालीच तर सर्वांत शेवटी, रडून थकलेल्या मुलाला हात जोडायला लावून होते. या क्रमाने वाढणारे मूल देवाला शिक्षेचा साक्षीदार म्हणून ओळखू लागते.

पुढील टप्पे साधारण २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले तीन टप्पे नीट न बसवता पाचव्यावर उडी मारली, तर आठवड्याभरात गाडी पुन्हा ओरडण्यावर येते. सर्व टप्पे अंगवळणी पडायला किमान दोन महिने लागतील असे धरून चालावे.

## टप्पा १: मोठ्यांची तयारी

पहिला आठवडा मुलांना काहीही न सांगता केवळ मोठ्यांनी स्वतःसाठी ठेवावा. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातील पहिले वचन, म्हणजे मुलांनी प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहावे हे, आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असते. त्याच परिच्छेदातील चौथे वचन मात्र क्वचितच वाचून दाखवले जाते, आणि ते बापांसाठी आहे: मुलांना चिरडीस आणू नका, त्यांना प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा. कलस्सैकरांस पत्रातही हीच जोडी आढळते. तिथे तिसऱ्या अध्यायाच्या २० व्या वचनात मुलांना आज्ञा आहे, आणि लगेच २१ व्या वचनात मोठ्यांना मर्यादा घालून तिचे कारणही दिले आहे की मुले खिन्न होतील. ही दोन वचने एकमेकांपासून तोडून वापरणे ही या कामातली पहिली चूक होय.

या आठवड्यात तीन कामे करावीत. पहिले काम वहीचे. सलग तीन दिवस, दिवसातील सर्वांत गडबडीच्या एका तासात आपण मुलाला किती आज्ञा देतो आणि त्यांतल्या किती शेवटास नेतो ते लिहून काढावे. माझ्या वहीत शाळेच्या गडबडीच्या एका सकाळी वीसहून अधिक आज्ञा निघाल्या होत्या. त्यांतल्या जेमतेम चार मी तडीस नेल्या होत्या आणि बाकीच्या हवेत विरल्या होत्या. ज्या मुलाच्या कानावर आईचे बहुतेक शब्द केवळ आवाज म्हणून पडतात, ते मूल शब्दाला किंमत द्यायला कुठून शिकणार?

दुसरे काम एकमताचे. आई, बाबा आणि घरात आजी-आजोबा असतील तर तेही, अशा सर्वांनी मुले झोपल्यावर एकदा बसावे. सासूबाईंशी किंवा वडिलांशी बोलताना 'तुम्ही लाड करता म्हणून तो बिघडतो' अशी सुरुवात केली तर बैठक तिथेच मोडते. त्यापेक्षा 'आई, आम्ही चारच नियम ठरवतोय. त्यांतला कोणता तुम्हाला जड वाटतो ते आधी सांगा,' असे विचारावे. आजींचे म्हणणे ऐकून एखादा नियम बदलावा लागला तर खुशाल बदलावा. सर्वांनी पाळलेला मवाळ नियम हा एकट्या आईने पाळलेल्या कडक नियमापेक्षा कितीतरी पटीने टिकतो.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे. आपण स्वतः कोणाच्या आज्ञेत आहोत हे मुलाला दिसले पाहिजे. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात देवाची वचने आधी स्वतःच्या हृदयात ठेवायला सांगितली आहेत आणि त्यानंतर मुलांच्या मनावर बिंबवायला. जेवताना फोन बाजूला ठेवण्याचा नियम असेल तर बाबांचा फोनही कपाटावर जावा, आणि दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेले पैसे मुलाला सोबत घेऊनच परत करायला जावे. त्या वेळी प्रवचन देऊ नये. 'आपल्याला पण देवाचं ऐकावं लागतं,' एवढे एक वाक्य पुरे.

तपासून पाहा: घरातील सर्व मोठ्यांना वेगवेगळे विचारले तर ते तेच नियम सांगतात का? सांगत नसतील तर दुसरा आठवडाही याच टप्प्यावर घालवावा.

## टप्पा २: नियम चारच, तेही डोळ्यांना दिसणारे

लहान मुलाला 'शहाण्यासारखे वाग' हे समजत नाही, कारण त्यात करण्यासारखी कृती नसते. नियम असा असावा की तो पाळला गेला की नाही हे पाच वर्षांच्या मुलालाही सांगता यावे. आमच्या घरातले नियम असे होते: हाक मारली की यायचे, मारायचे-चावायचे नाही, खेळून झाले की खेळणी टोपलीत टाकायची, खोटे बोलायचे नाही. वाचता न येणाऱ्या मुलासाठी मोठ्या कागदावर चार चित्रे काढून तो कागद त्याच्या उंचीवर चिकटवावा. चित्रे मुलाकडूनच रंगवून घेतली तर उत्तम.

दहा आज्ञा लहान मुलांकडून पाठ करून घेण्यास माझी हरकत नाही. पण त्या घरातील नियमांचा तक्ता म्हणून भिंतीवर लावू नयेत. मूल खेळणी उचलत नाही आणि आपण बोट दाखवतो सीनाय पर्वताकडे, असे होऊ लागले की खेळण्यांचे आणि देवाच्या नियमशास्त्राचे वजन त्याच्या मनात एकच होऊन बसते.

## टप्पा ३: रोजची प्रार्थना, आज्ञेपासून वेगळी ठेवलेली

या टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात. विश्वासातून आज्ञापालन शिकवायचे असेल तर मुलाने देवबापाला आधी प्रेमाने ओळखले पाहिजे, आणि ती ओळख रोजच्या ठरलेल्या, शांत, कोणालाही रागवायचे नसलेल्या वेळेत होते. रात्रीच्या जेवणाआधीची सात-आठ मिनिटे पुरतात. त्याहून लांबवू नये.

क्रम साधा ठेवावा. प्रथम 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील एखाद्या गीताचे एकच कडवे, महिनाभर तेच, म्हणजे दोन वर्षांचे मूलही शेवटचा शब्द उचलू लागते. त्यानंतर शास्त्रातील एक प्रसंग तोंडी, पुस्तकात न बघता. मग प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत एक वाक्य देवाला सांगायचे, आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ होते. तिथे लहान मुलाला पूर्ण जपमाळेसाठी बसवून ठेवण्याऐवजी एका दशकापुरते, म्हणजे दहा मण्यांपुरते, मणी त्याच्या हातात देऊन, सामील करून घ्यावे आणि मग उठू द्यावे.

प्रभूच्या प्रार्थनेतील 'आमची ऋणे आम्हांला सोड' हे शब्द मुले वर्षानुवर्षे अर्थ न कळता म्हणतात. माझ्या वर्गातील एका मुलाला 'ऋणे' म्हणजे 'हरणे' वाटत होते. देवाने पिंजऱ्यातली हरणे सोडावीत अशी तो रोज मनापासून विनंती करत होता. सातव्या टप्प्यात क्षमा शिकवायची आहे, त्यामुळे या एका ओळीचा अर्थ आत्ताच समजावून ठेवावा. मित्राने तुझा खडू मोडला आणि तू म्हणालास, 'जाऊ दे, भरून नको देऊ,' म्हणजे तू त्याचे ऋण सोडलेस. एवढे उदाहरण पुरते.

प्रसंग निवडताना विचार करावा. आज्ञापालनासाठी लहान मुलांना सर्वांत जवळचा वाटतो तो बालक शमुवेल, ज्याला देव रात्री नावाने हाक मारतो आणि ती एली याजकाची हाक आहे असे त्याला वाटते (१ शमुवेल ३). त्यानंतर मत्तय २१:२८-३१ मधील दोन मुलगे: एक 'नाही जात' म्हणतो पण पस्तावून द्राक्षमळ्यात जातो, दुसरा 'जातो' म्हणतो आणि जात नाही. हा प्रसंग घरात नाटक करून दाखवावा. दुसऱ्या मुलाचे काम बाबांनी करावे, कारण 'हो हो, करतो' म्हणून न करणारा माणूस मोठाही असू शकतो हे मुलांना त्यातून दिसते. तिसरा प्रसंग लूकच्या दुसऱ्या अध्यायातील. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारतो आणि तरीही आईबापांबरोबर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो.

सावधान: देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम आणि तो मुलगा इसहाक यांची गोष्ट आज्ञापालनाचा धडा म्हणून या वयात सांगू नये. आपण ती अब्राहामाच्या जागी उभे राहून ऐकतो. मूल ती इसहाकाच्या जागी पडून ऐकते. अलीशाला हिणवणाऱ्या पोरांची आणि अस्वलांची गोष्ट (२ राजे २) धाक घालण्यासाठी तर कधीच वापरू नये.

सावधान: प्रार्थनेच्या वेळी मुलाच्या देखत 'प्रभू, याला आईचे ऐकायची बुद्धी दे' असे म्हणणे ही प्रार्थनेच्या आडून काढलेली तक्रार असते, आणि मुलाला ती तशीच ऐकू येते. त्याच्याविषयी देवाला जे सांगायचे आहे ते तो झोपल्यावर सांगावे, आणि त्याच्या कानावर पडेल अशा प्रार्थनेत त्याच्याबद्दल आभार मानावेत. त्याचप्रमाणे शिक्षा म्हणून प्रार्थना करायला लावणे किंवा वचन दहा वेळा लिहून घेणे कटाक्षाने टाळावे.

## टप्पा ४: हाकेला ओ

जुन्या कराराच्या इब्री भाषेत 'शमा' या एकाच क्रियापदात ऐकणे आणि आज्ञा पाळणे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि 'हे इस्राएला, श्रवण कर' यातले क्रियापद तेच आहे. मराठी आईला हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण 'हा माझं ऐकत नाही' असे ती म्हणते तेव्हा तिच्या मुलाच्या कानात दोष आहे असे कोणालाच वाटत नाही. आज्ञापालनाची पहिली पायरी म्हणून हाक ऐकून जवळ येणे एवढेच शिकवावे. बाकी सर्व आज्ञा यानंतरच्या.

शमुवेलाची गोष्ट सांगून झाल्यावर हा खेळ करावा. मूल दुसऱ्या खोलीत 'झोपते'. आई किंवा बाबा हळू आवाजात त्याचे नाव घेतात. मूल उठून जवळ येते आणि म्हणते, 'आले आई,' 'आलो बाबा.' शमुवेल नुसता 'ओ' देऊन पडून राहिला नव्हता, तो तिन्ही वेळा उठून एलीकडे गेला होता, हे गोष्टीतच आहे. त्यामुळे वेगळे समजवावे लागत नाही. आले की जवळ घ्यायचे, पाठीवर हात ठेवायचा आणि परत पाठवायचे. आठवडाभर रोज चार-पाच वेळा हाक मारून काहीही काम सांगू नये. हाक म्हणजे काम, ओरडा किंवा खेळ बंद, असा जो संबंध मुलाच्या मनात घट्ट बसलेला असतो तो सुटायला एवढे दिवस लागतातच.

खेळात येणारे मूल खऱ्या हाकेला येईल असे नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात खेळ न सांगता हाक मारून पाहावी. न आल्यास तिथून दुसरी हाक मारू नये. आपण उठून त्याच्याजवळ जावे, हात धरून आपल्या मूळ जागी आणावे, आणि शांतपणे म्हणावे, 'हाक मारली की यायचं. आलास, छान.' याला दमणूक होते, विशेषतः ओट्याजवळून दहा वेळा उठावे लागते तेव्हा. पण स्वयंपाकघरातून मारलेल्या सहा हाकांनी जे होत नाही ते एकदा उठून गेल्याने होते.

तपासून पाहा: साध्या आवाजातील पाच हाकांपैकी चार हाकांना मूल येऊ लागले की पुढे जावे.

## टप्पा ५: आज्ञा देण्याची रीत

१. जवळ जावे, खाली बसावे, नाव घ्यावे आणि मुलाची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबावे. बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू असताना आतून दिलेली आज्ञा ही दिलेली नाहीच असे धरावे.

२. एका वेळी एकच काम सांगावे. 'दप्तर ठेव, हातपाय धू, कपडे बदल आणि डबा काढ' या वाक्यातले तीन वर्षांच्या मुलाला फार तर शेवटचे काम आठवते. सहा-सात वर्षांचे मूल दोन कामे लक्षात ठेवू शकते.

३. जे करायचे आहे ते सांगावे. 'धावू नको' ऐकल्यावर काय करायचे हे मुलाला स्वतः शोधावे लागते. 'माझा हात धरून चाल' यात उत्तर आलेले असते.

४. आज्ञेला प्रश्नाचे रूप देऊ नये. 'आता झोपायचं का?' असे विचारले की 'नाही' हे प्रामाणिक उत्तर ठरते, आणि त्या उत्तरावर रागावणे हा मुलावर अन्याय होतो. निवड द्यायची असेल तर खरीच द्यावी: 'आधी दात घासतोस की आधी कपडे बदलतोस?'

५. सांगून झाल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि गप्प राहावे. लहान मुलाला हातातले सोडून उठायला तेवढा वेळ खरोखरच लागतो, आणि नेमक्या त्याच वेळात आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलून त्याचे लक्ष उडवतो. मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणू नये. मग मूल तीन ऐकू येईपर्यंत थांबायला शिकते.

६. काम झाले की लगेच आणि नेमके सांगावे: 'पहिल्या वेळेला ऐकलंस. मला मदत झाली.' चॉकलेट देऊ नये. येशूला आनंद झाला असे सांगायला हरकत नाही, मात्र त्याची उलट बाजू कधीही वापरू नये.

या उलट बाजूविषयी थांबून सांगणे मला आवश्यक वाटते. धाकटी चार वर्षांची असताना एका दुपारी मी दारातून पाहिले. तिने बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवले होते, आणि ती माझ्याच स्वरात तिला सांगत होती, 'तू ऐकत नाहीस ना, आता येशूला तू आवडत नाहीस.' हे शब्द मी तिला कधीच म्हटले नव्हते. मी म्हणत असे, 'असं केलेलं येशूला आवडेल का?' मला ते सौम्य वाटत होते. कृतीबद्दल विचारलेला प्रश्न चार वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दलचा निकाल म्हणून ऐकला होता. बाहुलीचे केस मागून विस्कटलेले होते आणि तिच्या पाठीवर त्याच सकाळी रंगवलेला खडूचा निळा डाग होता, हे मला अजून आठवते. त्या दिवसापासून ते वाक्य मी घरातून आणि वर्गातूनही काढून टाकले. ज्यांच्या घरात 'देव बघतोय हं' हे धाक म्हणून वापरले जाते त्यांनी ते आजच थांबवावे. देव पाहतो हे खरे आहे, पण ते मुलाला अंधारात भीती वाटते तेव्हा सांगण्याचे वाक्य आहे.

## टप्पा ६: ऐकले नाही तर

एली याजकाची गोष्ट येथे मोठ्यांनी स्वतःसाठी वाचावी. त्याने आपल्या मुलांना समजावले नव्हते असे नाही. १ शमुवेल २:२२-२५ मध्ये तो त्यांना चांगलेच खडसावतो. दोष ठेवला आहे तो पुढे ३:१३ मध्ये, आणि तो असा की त्याने त्यांना आवरले नाही. केवळ बोलत राहणे म्हणजे शिस्त लावणे, अशी समजूत असलेल्या आपल्यासारख्या घरांना हे नेमके लागू पडते. शब्द एकदा, त्यानंतर कृती. ती कृती शांत, लहान आणि चुकीशी जोडलेली असावी.

टोपलीत न टाकलेली खेळणी उद्यापर्यंत कपाटावर जातात. भावाला ठोकळा मारला तर ठोकळ्यांचा खेळ त्या वेळेपुरता संपतो, आणि आधी भावाला लागले का ते पाहिले जाते. मुद्दाम सांडलेले पाणी मुलानेच पुसायचे, आपण फडके धरायला मदत करायची. रविवारची उपासना, संडेस्कूलची सहल, प्रार्थनेतली जागा किंवा रात्रीचा पापा हे कधीही काढून घेऊ नये. आठवडाभर टीव्ही बंद अशी घोषणा रागाच्या भरात केली जाते आणि मंगळवारीच मोडते, म्हणून जे तासाभरात संपेल तेवढेच जाहीर करावे.

छडीचा प्रश्न टाळून पुढे जाणे बरोबर नाही, कारण नीतिसूत्रांतील वचने दाखवूनच अनेक घरांत मारले जाते. त्या पुस्तकात मारण्याचा उल्लेख आहे हे मी नाकारत नाही. परंतु नीतिसूत्रे १३:२४ मधील छडीसाठी जो इब्री शब्द आहे, तोच स्तोत्र २३:४ मध्ये अंधाऱ्या खोऱ्यात धीर देणाऱ्या मेंढपाळाच्या काठीसाठी आहे, आणि नव्या करारात आईबापांना थेट दिलेल्या सूचनांत काठी कुठेही नाही, चिरडीस न आणण्याची ताकीद मात्र दोनदा आहे. माझ्या वर्गात घरी मार खाणारी मुले मी ओळखू शकते. माझा हात फळा पुसायला वर गेला तरी ती मान खाली घालतात. ती मुले ऐकतात, पण पाहणारे कोणी असेपर्यंतच. म्हणून माझे स्पष्ट मत असे की हात उगारू नये. हात शिवशिवू लागला की खोलीतून बाहेर जावे, तोंडावर पाणी मारावे आणि मगच परत यावे. तेवढ्या वेळात मुलाचे काही बिघडत नाही.

सावधान: देवळाच्या आवारात, नातेवाइकांसमोर किंवा पाळकसाहेबांसमोर मुलाच्या चुका सांगू नयेत. 'सांगू का सरांना?' ही धमकी दिली की मूल मंडळीतल्या माणसांना टाळू लागते.

सावधान: भूक, झोप, ताप, नवे भावंड, नवी शाळा या काळातील न ऐकणे हे बहुधा न जमणे असते. तिथे नियम न बदलता अपेक्षा कमी करावी, आणि मूल हाकेला कधीच वळून पाहत नसेल तर शिस्तीचा विचार करण्याआधी डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्यावेत.

## टप्पा ७: क्षमा, दोन्ही बाजूंनी

परिणाम भोगून झाला की प्रकरण बंद झाले पाहिजे, आणि ते बंद झाल्याचे मुलाला स्पष्ट कळले पाहिजे. चार पावले ठरवून ठेवावीत. मुलाने काय झाले ते आपल्या शब्दांत सांगायचे. ज्याला दुखावले त्याला 'माझं चुकलं' म्हणायचे. त्याने 'मी क्षमा केली' असे उत्तर द्यायचे, 'ठीक आहे' म्हणून वाटेला लावायचे नाही. आणि मग मांडीवर घेऊन देवाजवळ एक वाक्य बोलायचे. मूल अजून रागात असेल तर 'सॉरी म्हण' म्हणून जबरदस्ती करू नये. ओठांनी म्हटलेली क्षमा त्याला खोटे बोलायला शिकवते, आणि ते तर आपल्या चार नियमांतच आहे. अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो विषय पुन्हा काढू नये.

हीच पावले मोठ्यांनाही लागू आहेत. एका रविवारी उपासनेला उशीर होत होता, थोरल्याने बुटाचा एक पाय हरवला होता, आणि मी त्याच्यावर इतक्या जोराने ओरडले की शेजारच्यांनी खिडकी उघडली. बूट मीच आदल्या रात्री पुसून गॅलरीत ठेवला होता. रिक्षात बसल्यावर मी त्याला म्हटले, 'मी ओरडले ते चुकलं. बूट मीच ठेवला होता. मला क्षमा करशील?' तो सहा वर्षांचा होता. थोडा वेळ बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, 'मी क्षमा केली. आता तू देवाला सांग.' चौथे पाऊल त्याला माझ्याआधी आठवले होते.

आपण क्षमा मागितली तर मुलापुढे आपला मान जाईल, ही भीती विशेषतः बाबांना वाटते. माझ्या पाहण्यात तरी असे कधीच घडलेले नाही.

## टप्पा ८: विनंती करण्याची मोकळीक

मूल पाच वर्षांचे होईपर्यंत 'का?' विचारू लागलेले असते, आणि 'उलट बोलू नको' हे उत्तर पुरेनासे होते. येथे दानीएलाचा पहिला अध्याय कामी येतो. राजाचे अन्न खायचे नाही असे दानीएलाने मनात ठरवले, पण त्याने ताट भिरकावले नाही. त्याने परवानगी मागितली, आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहा असा दुसरा मार्ग सुचवला. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून पित्याजवळ मागणे केले, आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. आज्ञेत राहणाऱ्याला मागणे करता येते हे या दोन प्रसंगांतून दाखवावे.

घरातील रीत अशी ठेवावी: आधी 'हो आई' म्हणायचे, मग 'मी एक विचारू का?' म्हणायचे, मग कारण सांगायचे. 'हो आई. मी एक विचारू का? एवढं चित्र पूर्ण करून येऊ?' कारण रास्त असेल तर खरोखरच मान्य करावे, कारण एकदाही मान्य न होणारी विनंती मूल महिन्याभरात करायचे सोडून देते आणि परत किंचाळण्यावर येते. मान्य नसेल तर कारण एकदा सांगावे आणि तिथे थांबावे. गाडी समोर आली किंवा कढईतले तेल तापले असेल तेव्हा विनंतीला जागा नाही; त्यासाठी 'थांब' हा एकच शब्द राखून ठेवावा आणि तो इतर वेळी वापरू नये.

## टप्पा ९: कोणाचे ऐकायचे नाही

हा टप्पा गाळला तर आधीचे आठ टप्पे मुलाला धोक्यात घालू शकतात, कारण मोठ्यांचे ऐकायला शिकलेले मूल वाईट हेतूच्या माणसाला सोपे सापडते. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र व इतर प्रेषित मोठमोठ्या अधिकाऱ्यांना सांगतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. मुलांना ते असे सांगावे: कोणीही मोठ्या माणसाने चड्डीतल्या जागेला हात लावला, त्या माणसाच्या शरीराला हात लावायला सांगितले, 'आईला सांगू नको' असे म्हटले, किंवा दुसऱ्याला इजा करायला किंवा खोटे बोलायला सांगितले, तर त्याचे ऐकायचे नाही, मोठ्याने 'नाही' म्हणायचे आणि पळत येऊन सांगायचे. तो माणूस काका असो, शिक्षक असो, संडेस्कूलचे सर-मॅडम असोत की पाळक असोत. ही नावे मोघम न ठेवता एकेक करून घ्यावीत, आणि त्यात आपले स्वतःचेही घ्यावे. देव तुझ्यावर रागावणार नाही आणि मीही रागावणार नाही, हे त्याला शब्दांत सांगावे, कारण लहान मुले गप्प राहतात ती बहुतेक वेळा याच भीतीने.

चौथ्या टप्प्यातल्या खेळासारखाच याचाही सराव घ्यावा. बाबांनी म्हणावे, 'हे आपलं गुपित, आईला सांगू नको हं,' आणि मुलाने उठून, धावत जाऊन आईला सांगावे. ज्या दिवशी मूल अडखळेल त्या दिवशी खेळ पुन्हा घ्यावा. नाताळच्या भेटवस्तूसारखे, थोड्या दिवसांनी सर्वांना कळणारे आनंदाचे गुपित वेगळे असते, हा फरक पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला उदाहरण देऊन सांगता येतो. मुलाने खरोखरच असे काही सांगितले, तर त्याला जवळ घ्यावे, पुन्हा पुन्हा विचारून उलटतपासणी करू नये, मंडळीची बदनामी होईल म्हणून प्रकरण दडपू नये, आणि पोलीस किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर त्याच दिवशी संपर्क करावा. हा क्रमांक चार चित्रांच्या तक्त्याखाली मोठ्या अक्षरांत आत्ताच लिहून ठेवावा.